सरड्यासाठी कसं घर हवं?

रत्नागिरीजवळच्या एका शाळेत आम्ही दोघं विज्ञान शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट. एका सोमवारी सातवीतली दोन मुलं काचेची मोठी बरणी घेऊन वर्गात आली. बरणीत एक सरडा होता. तळाशी माती, वर आंब्याची दोन पानं, चढायला एक काटकी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली दहा-बारा भोकं आणि जेवण म्हणून चार मेलेल्या माशा. मुलांची तयारी बघून आम्हालाही कौतुक वाटलं. सरडा सगळ्यांना नीट दिसावा म्हणून आम्हीच ती बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

मधल्या सुट्टीत ऊन खिडकीवर आलं. सुट्टी संपवून आम्ही वर्गात परतलो तेव्हा सरडा तोंड उघडं टाकून निपचित पडला होता. बरणी हाताला चांगलीच गरम लागत होती.

ज्यानं सरडा आणला होता त्या मुलानं विचारलं, "बाई, भोकं तर पाडली होती ना?"

चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती. बरणी उन्हाच्या जागी आम्ही ठेवली होती. पण त्याच्या प्रश्नाचं नीट उत्तर आमच्याकडे त्या वेळी नव्हतं. हवा जायला भोकं होती, पानं होती, खाऊ होता. मग कमी काय पडलं? दर पावसाळ्याच्या आगेमागे कुठल्या ना कुठल्या वर्गात कुणीतरी मूल सरडा, पाल किंवा सापसुरळी घेऊन येतंच. 'सोडून दे जा' म्हटलं की विषय तिथेच संपतो आणि ठेवून घेतला की बहुधा प्राणी संपतो. म्हणून सरड्यासाठी घर कसं असावं लागतं, हे जरा मुळापासून पाहू या.

पायांनी सांभाळलेलं तापमान

आपल्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. बाहेर थंडी असो की उकाडा, ते फारसं बदलत नाही. ही उष्णता आपण खाल्लेल्या अन्नातून तयार होते. सरड्याच्या शरीरात अशी भट्टी नसते. त्याला लागणारी उष्णता बाहेरून, म्हणजे ऊन, तापलेला दगड, गरम हवा यांच्याकडून मिळवावी लागते.

पाठ्यपुस्तकात अशा प्राण्यांना 'शीतरक्ताचे' म्हणत असत. हा शब्द मुलांची फसवणूक करतो. दुपारी कुंपणावर बसलेल्या सरड्याचं रक्त थंड नसतं. ते जवळजवळ आपल्या रक्ताइतकंच गरम असू शकतं. दिवसा फिरणाऱ्या पुष्कळ सरड्यांचं शरीर ३० ते ३८ अंशांच्या दरम्यान असलं की त्यांचं पळणं, शिकार करणं, अन्न पचवणं ठीक चालतं. त्याहून थंड झाले की ते सुस्त होतात, खाल्लेलं पचत नाही. चाळिशीच्या वर थोडेच अंश गेले की जिवावर बेततं. सुरक्षित पट्टा आणि मरण यांच्यात अंतर फार थोडं असतं.

मग रत्नागिरीच्या एप्रिलमधल्या उन्हात सरडा जगतो कसा? तर तो जागा बदलतो. सकाळी उन्हात अंग पसरून बसतो. पुरेसा तापला की सावलीत जातो. पुन्हा थंड वाटलं की उन्हात. कधी उन्हाकडे पाठ करतो, कधी तोंड. आपलं शरीर जे काम घाम गाळून आणि कुडकुडून करतं, ते सरडा चार पायांनी करतो. या पद्धतीत एक मोठी बचतही आहे. भट्टी पेटती ठेवायची नसल्यानं तेवढ्याच वजनाच्या उंदराला जेवढं अन्न लागतं त्याच्या साधारण दहाव्या भागात सरड्याचं भागतं.

आता बरणीकडे परत येऊ. काचेतून ऊन आत येतं, आतली माती आणि हवा तापते, पण तापलेली हवा दोन-चार बारीक भोकांतून बाहेर पडू शकत नाही. थोड्याच वेळात बरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे सारखंच गरम होतं. सरड्याला जायला सावली उरत नाही. भोकांमुळे त्याला श्वास घेता येत होता. जागा मात्र बदलता येत नव्हती. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

बरणी सावलीत ठेवली असती तर? तर तो सरडा त्या दिवशी मेला नसता. पण दिवसचे दिवस सावलीतच राहिला असता तर त्याचं अंग पुरेसं तापलं नसतं, अन्न पचलं नसतं आणि तो हळूहळू खंगला असता. म्हणजे सरड्याच्या घराची पहिली अट 'गरम' किंवा 'थंड' अशी नाहीच. एकाच घरात गरम जागाही हवी, थंड जागाही हवी आणि एकीकडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक हवी.

विकत आणलेलं ऊन

परदेशांत पिंजऱ्यातच जन्मलेले काही जातींचे सरडे आणि पाली लोक घरी पाळतात. ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा किंवा लेपर्ड गेको ही त्यातली नेहमीची नावं. त्यांच्यासाठी चांगलं घर कसं करतात ते पाहिलं की सरड्याला काय काय लागतं याची यादीच हाती येते.

पेटी उंच बरणीसारखी न करता लांबट करतात. तिच्या एका टोकाला उष्णता देणारा दिवा आणि त्याखाली दगड. दुसरं टोक थंड. दोन्ही टोकांना एकेक तापमापक. दोन्हीकडे लपायला आडोसा, कारण एकाच टोकाला आडोसा असला तर प्राण्याला 'लपू की ऊब घेऊ' यातून एकच निवडावं लागतं. रात्री दिवे बंद, कारण त्याला दिवस आणि रात्र वेगळी कळावी लागते. एखाद्या कोपऱ्यात ओलावा, म्हणजे कात टाकताना जुनी कातडी सहज सुटते. पुष्कळ सरडे वाडग्यातलं पाणी पितच नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. म्हणून पानांवर पाणी शिंपडतात. खायला जिवंत किडे देतात. सरड्याची नजर हालचाल टिपते. न हलणारी माशी त्याच्या लेखी अन्नच नसते. आमच्या बरणीतल्या चार मेलेल्या माशा तशाच राहिल्या, त्याचं कारण हे.

या यादीत एक गोष्ट अशी आहे की ती चटकन सुचत नाही. ती म्हणजे अतिनील किरण. दिवसा फिरणाऱ्या सरड्यांच्या कातडीत सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या मदतीनं अन्नातलं कॅल्शिअम हाडांत पोचतं. हे किरण मिळाले नाहीत तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो. घर उबदार आहे, खायला भरपूर आहे, तरी प्राणी लुळा पडतो. साधी काच यातले उपयोगी किरण जवळजवळ सगळे अडवते. त्यामुळे खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हानं सरडा तापतो, पण त्याच्या हाडांना त्याचा उपयोग नाही. म्हणून असे किरण देणारी वेगळी नळी पेटीच्या आत लावावी लागते आणि ती पेटत असली तरी ठरावीक महिन्यांनी बदलावी लागते, कारण उजेड तसाच दिसत राहतो आणि अतिनील किरण मात्र कमी होत जातात.

आपल्याकडे शहरांतून हिरवा इग्वाना पाळणारी घरं आहेत. दुकानात तो वीतभर असतो. वाढला की शेपटीसकट दीड मीटर होतो, म्हणजे त्याला पेटी नव्हे, खोली लागते. अशा परदेशी प्राण्यांसाठी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं नोंदणीचे नियम केले. इग्वानासारखे जे प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या यादीत आहेत, ते कुणाकडे असतील तर त्यांची सरकारी नोंद करावी लागते. घोरपडीचं तर नावच काढायला नको. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पहिल्या अनुसूचीत आहे. तिला धरणं, बाळगणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. शाळेत कुणी घोरपडीचं पिल्लू आणलं तर ते ठेवून घेऊ नये, वनविभागाला कळवावं.

आता ही सगळी यादी पुन्हा वाचा. उष्णतेचा दिवा, दगड, दोन आडोसे, पाण्याचा शिडकावा, अतिनील नळी, जिवंत किडे. इतका खर्च आणि इतकी देखरेख कशासाठी? तर बाहेर जे फुकट मिळतं त्याची नक्कल करण्यासाठी. आणि कोकणात हे सगळं तयार असलेलं घर शाळेच्या आवारातच असतं.

गडगा

कोकणातल्या वाचकांना गडगा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो : चुना-सिमेंट न वापरता जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली कंबरेएवढी भिंत म्हणजे गडगा. आंब्या-काजूच्या बागेला, परसवाला, शाळेच्या आवाराला असा गडगा असतो.

सरड्याच्या नजरेनं गडग्याकडे पाहा. सकाळी त्याची पूर्वेची बाजू तापते, दुपारी माथा, संध्याकाळी पश्चिमेची बाजू. म्हणजे दिवसभर कुठे ना कुठे ऊन आणि हातभर अंतरावर सावली. दगडांच्या मधल्या फटी म्हणजे आडोसे, एक-दोन नव्हे तर शेकड्यांनी. फटीत खोलवर दुपारीही गारवा आणि थोडा ओलावा राहतो. जांभा सच्छिद्र असल्यानं पावसाचं पाणी धरून ठेवतो. त्यावर शेवाळ येतं, किडे येतात. वर काच नाही, त्यामुळे अतिनील किरण पूर्ण मिळतात. सरडा माथ्यावर, सापसुरळी पायथ्याच्या पाचोळ्यात, पाल फटीत, असे तीन-तीन भाडेकरू एकाच गडग्यात नांदतात.

मुलांना हे सांगण्यापेक्षा मोजायला द्यावं. यासाठी प्रयोगशाळेतले चार साधे तापमापक पुरतात. (ताप मोजायचा तापमापक घेऊ नये, तो जास्त उष्णतेनं फुटतो.) एक गडग्याच्या माथ्यावर, एक उन्हाच्या बाजूला, एक सावलीच्या बाजूला आणि एक फटीत आतपर्यंत सरकवून ठेवायचा. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला चारही आकडे वहीत लिहायचे. त्याच वेळी दहा पावलं लांब उभं राहून सरडा कुठे दिसतो ते टिपायचं : माथ्यावर, उन्हात, सावलीत की दिसतच नाही? त्याचा रंग सकाळी कसा आहे आणि दुपारी कसा, तेही लिहायचं. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की आलेख काढायचा. सरडा माथा सोडतो तेव्हा माथ्यावर किती अंश होते? ढगाळ दिवशी काय झालं? सरड्याला हात न लावता त्याच्या आवडीचं तापमान मुलांना काढता येतं.

सोबत एक बरणीही ठेवावी. रिकामी, झाकणाला भोकं पाडलेली, आत फक्त तापमापक. ती पंधरा मिनिटं उन्हात ठेवून आकडा पाहावा. आमच्या खिडकीत काय घडलं ते मुलांना यातून कळतं आणि त्यासाठी दुसरा सरडा मारावा लागत नाही.

हाच विचार रात्री घरातही करता येतो. ट्यूबलाइटजवळ पाल का येते? उजेडाला किडे येतात, हे उत्तर मुलं लगेच देतात. पण ती कुठल्या भिंतीवर जास्त वेळ असते हे पाहायला सांगा. दिवसभर ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत कोमट राहते. तसबिरीमागची फट हा आडोसा, वळचण आणि कौलांखालची जागा हा दुसरा. थोडक्यात, आपलं घर म्हणजे पालीचा उत्तम पिंजरा आहे. फक्त त्याला दार नाही.

पालीचं नाव निघालं की कुणाच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकते : ती विषारी असते ना? घरातली पाल विषारी नसते. मात्र तिच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जिवाणू अन्नात जाऊ शकतात. म्हणून अन्न झाकून ठेवावं आणि पाल, सरडा किंवा त्यांची जागा हाताळली तर साबणानं हात धुवावेत. पालीला आणि सापसुरळीला धरू नये, याला आणखी एक कारण आहे. घाबरली की ती शेपटी टाकते. त्या शेपटीत साठवलेली चरबी असते. म्हणजे आपल्या दोन मिनिटांच्या गमतीपायी तिची शिल्लक जाते. कुंपणावरचा सरडा शेपटी टाकत नाही, पण धरल्यावर त्याचीही दमछाक होतेच.

एक बरणी चालेल

वर्गात काहीच ठेवायचं नाही का? एक गोष्ट ठेवता येते. शाळेचं कपाट आवरताना, जुन्या फायलींच्या मागे पालीची अंडी सापडतात. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, पांढरी, बहुधा दोन. अशी अंडी फेकून दिली जातात. ती बरणीत ठेवून उबवता येतात.

रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तळाशी दोन बोटं कोरडी वाळू. अंडं ज्या बाजूनं वर असेल तिथे पेन्सिलीनं हलकी खूण करावी आणि तीच बाजू वर ठेवून ते वाळूवर ठेवावं. कोंबडी अंडी फिरवते, पण पालीचं अंडं फिरवायचं नसतं. आतला गर्भ एका जागी चिकटलेला असतो, तो उलटला तर मरू शकतो. अंडी फळीला चिकटली असतील तर ओढू नयेत, तिथेच राहू द्यावीत. बरणीच्या तोंडावर मलमलचं फडकं बांधावं आणि ती उन्हापासून दूर ठेवावी. पाणी घालायची गरज नाही, कारण या अंड्याचं कवच कडक असतं आणि आत लागणारं पाणी आधीच साठवलेलं असतं. तापमानाप्रमाणे साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लू बाहेर येतं. त्याच दिवशी संध्याकाळी त्याला भिंतीवर सोडावं.

मातीत पुरलेली, मऊ कवचाची दहा-वीस अंडी सापडली तर ती सरड्याची असण्याचा संभव जास्त. ती वर्गात आणू नयेत. ही अंडी भोवतालच्या मातीतून पाणी शोषून फुगतात. ओलावा जरा कमी-जास्त झाला की बिघडतात. त्यांच्यावर माती पुन्हा सारून निघून जावं.

सड्यावरचा दगड

आता रत्नागिरीच्याच एका पालीविषयी. आजकाल कातळशिल्पं पाहायला शाळांच्या सहली सड्यावर जातात. जांभ्याचं ते सपाट पठार उन्हाळ्यात उजाड दिसतं. दुपारी कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाळ्यात त्याच कातळावर पाणी साचतं, फुलं येतात. जून ते सप्टेंबरमध्ये इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इतक्या टोकाच्या जागी, सुट्या पडलेल्या दगडांखाली एक छोटी पाल राहते. ती बोटाएवढीच असते, भिंतीवर न चढता जमिनीवर फिरते आणि अंगावर पांढरे पट्टे मिरवते. १९६३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अ‍ॅलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि 'हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस' असं नाव दिलं. अल्बोफॅसिएटस म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची.

या पालीचं घर म्हणजे तो दगड. वरून कातळ भाजत असताना दगडाखाली सावली आणि जरासा ओलावा असतो. रात्री दगड हळूहळू निवतो तशी तिला ऊब मिळते. रात्री ती बाहेर पडून किडे खाते आणि उजाडायच्या आत परत दगडाखाली जाते. परदेशातल्या पेटीत दिवा, तापमापक, आडोसा आणि ओला कोपरा मिळून जे काम करतात, ते इथे एक दगड करतो.

म्हणून दगड उचलला जातो तेव्हा एक घर मोडतं. चिरेखाणीसाठी, बागेसाठी किंवा रस्त्यासाठी सडा सपाट केला की अशी हजारो घरं एकदम जातात, आणि पाल दुसरीकडे जाऊन भिंतीवर राहू शकत नाही. ते थांबवणं एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. पण सहलीला गेल्यावर मुलं दगडांच्या चवडी रचतात, खाली काय आहे बघायला दगड उलटतात आणि तसेच टाकून पुढे जातात; ते आपल्या हातात आहे. दगड उचलूच नये. चुकून उचललाच तर त्याच जागी, त्याच बाजूनं, खाली कुणी चिरडणार नाही असं बघून सावकाश परत ठेवावा.

आमची ती बरणी अजून प्रयोगशाळेत आहे. दर वर्षी सातवीचा वर्ग तिच्यात तापमापक ठेवून ती खिडकीच्या त्याच कट्ट्यावर ठेवतो आणि आकडा फळ्यावर लिहितो. नंतर मुलं वह्या घेऊन गडग्याकडे जातात. तुमच्या शाळेजवळ गडगा नसेल तर दगडी बांध, विहिरीचा कठडा, जुनी भिंत, काहीही चालेल. कोकणाबाहेरच्या, विशेषतः देशावरच्या आणि विदर्भातल्या शिक्षकांनी हा प्रयोग करून पाहावा अशी आमची इच्छा आहे. तिथला उन्हाळा आमच्यापेक्षा कडक. तुमचा सरडा दुपारी किती वाजता माथा सोडतो आणि त्या वेळी तापमापक किती दाखवतो, ते आम्हाला जरूर कळवा.